ठाणे-नवी मुंबईहून एका दिवसात नाशिकच्या वाइनरी: किती, कोणत्या, कधी?

पाचपाखाडी
फेब्रुवारीतल्या एखाद्या शनिवारी सहा जणांनी नाशिकच्या वाइनरी बघायचं ठरतंय. सकाळी ठाण्याहून निघून रात्री घरी, मुक्काम नाही. दोघांनी वाइन कधी चाखलेली नाही, एकजण दारूला अजिबात शिवत नाही. इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये एका दिवसात चार-पाच वाइनरी कोंबलेल्या दिसतात, ते जमेल असं वाटत नाही. गंगापूर धरणाकडच्या वाइनरी घ्याव्यात की इगतपुरीकडच्या? स्वतःची गाडी न्यावी की भाड्याची? टेस्टिंगमध्ये नेमकं काय करायचं असतं? बाटल्या आणताना काय सांभाळायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

खारेगावकर
दोनच वाइनरी घ्या. तिसरी यादीत आली की दिवस बिघडतो.

वेळेचा हिशोब मांडून बघा. ठाणे ते नाशिक साधारण १५० किमी. शनिवारी सकाळी मधल्या एका थांब्यासह साडेतीन तास धरा, संध्याकाळी परतताना चार. एका वाइनरीत फेरफटका पाऊण तास, टेस्टिंग अर्धा-पाऊण तास, आपल्या गटाची वेळ येईपर्यंत थांबणं वीस मिनिटं, दुकानात वीस मिनिटं. म्हणजे दोन-सव्वादोन तास. दोन वाइनरी, मध्ये निवांत जेवण आणि येण्याजाण्याचा प्रवास मिळून तेरा-चौदा तास होतात. तिसरी घ्यायची तर कापलं जातं ते जेवण आणि विश्रांती, आणि वाइन चाखणाऱ्या माणसाला नेमकी त्याचीच गरज असते.

दुसरं कारण जिभेचं. दहा-बारा नमुन्यांनंतर नवख्या माणसाला फरक कळेनासा होतो. रेड वाइनमधल्या टॅनिन या तुरट घटकाने तोंड कोरडं पडतं, नाकही थकतं. तिसऱ्या वाइनरीतली चांगली वाइनसुद्धा मग आधीच्यांसारखीच लागते. तो त्या वाइनवरही अन्याय आहे.

आता दिशा. दोन वेगळे पट्टे आहेत, ते एका दिवसात मिसळू नका.

गंगापूर पट्टा: सुला, यॉर्क आणि सोमा. तिन्ही गंगापूर धरणाच्या परिसरात, एकमेकींपासून जवळ. सुलाची पहिली वाइन २०००मध्ये आली आणि वाइनरी बघायला लोकांनी मुद्दाम नाशिकला जावं ही सवय महाराष्ट्राला बऱ्याच अंशी तिथूनच लागली. पर्यटकांची सगळ्यात पक्की व्यवस्था तिथे आहे, गर्दीही तिथेच. यॉर्क लहान आहे, २०२१पासून सुलाच्याच मालकीची, आणि तिथून धरणाचं पाणी दिसतं.

इगतपुरी पट्टा: सांजेगाव-कावनई भागात ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने. घोटीहून आत वळायचं. नाशिक शहरात शिरावंच लागत नाही आणि एका बाजूचा तीस-चाळीस किलोमीटरचा प्रवास वाचतो. व्हॅलोने छोटी आहे, मुकणे धरणाच्या बाजूला. तिथे टेस्टिंगला बसलं की प्रश्न विचारायला वाव मिळतो.

तुमच्या गटात नवखे आहेत, म्हणून पहिल्यांदा गंगापूर: सकाळी सुलाचा फेरफटका, दुपारी यॉर्क. हाच गट पुढच्या वर्षी गेला तर इगतपुरी. दोन्हीकडे आधी फोन करून फेऱ्यांच्या वेळा, त्या दिवसाचं प्रवेशशुल्क आणि सहा जणांची जागा नक्की करा. शनिवार-रविवारचे नियम आणि दर बरेचदा वेगळे असतात.

दिघा_दिंडोरी
खारेगावकरांच्या हिशोबाला हंगामाची जोड देतो.

द्राक्षवेलीची छाटणी आपल्याकडे वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून पुढच्या फळासाठीच्या काड्या तयार होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, त्यानंतर घड धरतात. थंड देशांत हिवाळ्यात वेल झोपतो, आपल्याकडे तशी थंडी नाही. खरड छाटणीनंतर पावसाळ्यात फळ घेतलं तर डावणी आणि भुरी हे वेलीचे रोग घड टिकू देणार नाहीत, म्हणून पीक एकच, हिवाळ्यातलं. वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. सोविन्यॉं ब्लां, शेनिन ब्लां अशा पांढऱ्या जाती आधी, शिराझ आणि कॅबर्ने सोविन्यॉं या काळ्या जाती नंतर.

म्हणून फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा धरा. त्या वेळी काळे घड वेलीवर दिसतात आणि आत क्रशिंग, म्हणजे द्राक्षं चेचण्याचं काम, चालू असतं. एप्रिल-मेमध्ये गेलात तर छाटलेले बुंधे आणि रिकाम्या तारा. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगर हिरवेगार, गर्दीही मोठी, पण वेलीवर फळ नाही आणि रस काढणारा प्रेस बंद. पावसाळ्यात जरूर जा, मात्र ती डोंगर बघण्याची सहल आहे हे धरून जा.

बागेत दोन गोष्टी बघा. खायच्या द्राक्षाची बाग मांडवावर किंवा वाय आकाराच्या आधारावर असते, घड वरून लोंबतात. वाइनची बाग सरळ उभ्या तारांवर, ओळीत, कमरेपासून डोक्याच्या उंचीपर्यंत. मणी लहान, साल जाड, आत बी. रंग, वास आणि टॅनिन सालीत असतात. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून एका वेलीवर मुद्दाम कमी घड ठेवतात.

आणि कृपा करून वेलीवरचा घड तोडून खाऊ नका. फवारणी कधी झाली ते आपल्याला माहीत नसतं, आणि त्या ओळीतून साखर मोजायला नमुने घेत असतील तर त्यातही गोंधळ होतो.

नेरूळ_सेक्टर६
रस्त्याबद्दल, खास नवी मुंबईकरांसाठी.

नेरूळ, बेलापूर, खारघर, पनवेलकरांनी शिळफाटा, मुंब्रा बायपास आणि खारेगावहून नाशिक महामार्ग धरायचा. ऐरोली-घणसोलीकरांना ठाणे-बेलापूर रस्त्याने कळवा किंवा ऐरोली पुलावरून मुलुंड, दोन्ही चालतात. मुंब्रा बायपासवर जेएनपीटीकडून येणाऱ्या कंटेनरची रांग लागली तर तासभर तिथेच जातो. सकाळी सहाच्या आत तो पार केलेला बरा.

समृद्धी महामार्गाचा भिवंडीजवळच्या आमणे ते इगतपुरी हा ७६ किमीचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला खुला झाला. त्यामुळे कसारा घाट टाळता येतो, वाटेत सुमारे ८ किमीचा बोगदा लागतो. टोल लागतो, पण शनिवारी सकाळी घाटातल्या ट्रकमागे अडकण्यापेक्षा तो परवडतो. तीन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. दुचाकीला समृद्धीवर मनाई आहे. पेट्रोल भरणं, नाश्ता, प्रसाधनगृह हे सगळं भिवंडीच्या आधी उरका, कारण त्या टप्प्यावर सोयी मोजक्या. आणि समृद्धीने घाट वाचतो, माजिवडा ते वडपे हा तुकडा वाचत नाही. कोंडी तिथेच होते, म्हणून निघण्याची वेळ तुमच्या सोयीने न ठरवता त्या तुकड्याप्रमाणे ठरवा. ठाण्यातून सहाला चाक हललं पाहिजे.

नाशिकमध्ये सुलाकडे जाताना द्वारका चौकापर्यंत जाऊ नका. पाथर्डी फाट्याला डावीकडे वळून अंबड-सातपूरमार्गे गंगापूर रोड गाठा.

पाचपाखाडी
आभार. गाडीचा प्रश्न तसाच राहिला. आमच्यातला एकजण म्हणतो, टेस्टिंगमध्ये घोटभरच देतात, चार तासांनी मी आरामात गाडी चालवीन. हे बरोबर आहे का?

वागळे_लॅब
नाही. आकडे देतो, ते त्या मित्राला वाचायला द्या.

पाच नमुने, प्रत्येकी ४० मिली धरले तर २०० मिली वाइन. १२.५ टक्के अल्कोहोल म्हणजे २५ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात जवळपास २० ग्रॅम. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात यातून साधारण १०० मिलीला ४० मिलिग्रॅम प्रमाण होतं. ५५ किलोच्या स्त्रीमध्ये ६०च्या पुढे, कारण शरीरातलं पाण्याचं प्रमाण कमी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे एका वाइनरीचं टेस्टिंग पूर्ण प्यायलं की दोघंही मर्यादेबाहेर. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

शरीर तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम कमी करतं. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याचा शिडकावा यांनी हा वेग वाढत नाही. त्यात जेवताना घेतलेला १५० मिलीचा एक ग्लास आणखी १५ ग्रॅमची भर घालतो, दुसऱ्या वाइनरीचे पाच नमुने आणखी २०. दिवसअखेर ५५ ग्रॅम पोटात. रात्री आठला घाट उतरताना "चार तास झाले" हा हिशोब कुठेच बसत नाही. शिवाय ३०च्या आत असलं तरी अंधारात ट्रकच्या दिव्यांसमोर प्रतिक्रिया मंदावलेलीच असते.

तुमच्यातला जो दारूला शिवत नाही, त्याला विचारून बघा, पण दिवसभराचा चालक म्हणून त्याला गृहीत धरू नका. सहा जणांना चालकासह भाड्याची सात आसनी गाडी किंवा छोटा टेम्पो ट्रॅव्हलर घ्या. माणशी खर्च विभागला की दोन गाड्यांचं पेट्रोल आणि टोल यांच्या मानाने फार फरक राहत नाही.

कोलशेत
थुंकून टाकलं तर? परदेशातले परीक्षक तसंच करतात.

वागळे_लॅब
थुंकल्याने अल्कोहोल खूप कमी होतं, शून्य होत नाही. थोडं तोंडातून शोषलं जातं, थोडं नकळत गिळलं जातं, नवख्यांचं जास्तच. चाखणाऱ्यांनी थुंकावं याला माझा पूर्ण पाठिंबा, संध्याकाळपर्यंत डोकं ताजं राहतं. पण "थुंकतोय म्हणून चालवतो" याला नाही. चालकाने फक्त ग्लासचा वास घ्यावा. वासातूनही बरंच शिकता येतं.

उपवन
रेल्वेचा पर्याय कुणी लिहिला नाही. सकाळी ठाण्याला थांबून नाशिकरोडला नेणाऱ्या गाड्यांमध्ये तपोवन एक्सप्रेस आणि शिर्डीची वंदे भारत या दोन सोयीच्या. वंदे भारत मंगळवारी नसते. दोन्हींच्या परतीच्या फेऱ्या संध्याकाळी नाशिकरोडहून मिळतात. पंचवटी एक्सप्रेसच्या नादी लागू नका, ती सकाळी मुंबईकडे येते, आपल्याला उलट्या दिशेची. नाशिकरोड ते गंगापूर पट्टा वीसेक किलोमीटर आहे, दिवसभरासाठी स्थानिक टॅक्सी ठरवा. वाइनरीकडून परतताना अ‍ॅपवरची रिक्षा-टॅक्सी मिळेलच असं नाही. तिकिटं काढण्याआधी त्या आठवड्याचं वेळापत्रक बघा.

चालकाचा प्रश्न असा मुळातच संपतो. तोटा एवढाच की परतीची वेळ पक्की असते आणि बाटल्या हातात वागवाव्या लागतात. भरलेली एक बाटली सव्वा किलोच्या आसपास. माणशी दोनच्या वर घेऊ नका.

वसंतविहार_शेफ
टेस्टिंगबद्दल आता नीट लिहिते, कारण पैसे त्याचे मोजतो आणि तेच सगळ्यात घाईत उरकलं जातं.

सकाळी परफ्युम, अत्तर, वासाचं लोशन लावू नका. तुमच्याच नाही, शेजारच्याच्या ग्लासातला वासही मरतो. लिपस्टिक कमी. टेस्टिंगच्या आधी तासभर पान, बडीशेप, वेलची, च्युइंगगम, सिगारेट नको. नाश्ता हवाच, रिकाम्या पोटी चाखणं धोक्याचं. इडली, उपमा, दडपे पोहे, अंडं-ब्रेड असं सौम्य. नाशिकची मिसळ आधी खाऊ नका. तिखटाने भाजलेल्या जिभेवर अल्कोहोल आणखी झोंबतं, रेड वाइन कडू लागते आणि पांढरीतलं फळ कळतच नाही.

क्रम असा: स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), मग ड्राय पांढरी, मग किंचित गोड पांढरी, रोझे (गुलाबी), हलकी रेड, जड रेड, आणि सगळ्यात शेवटी लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन. गोड आधी घेतली की पुढची ड्राय वाइन नुसती आंबट लागते. ड्राय याचा अर्थ इतकाच की साखर जवळजवळ सगळी आंबून गेलेली. बहुतेक ठिकाणी क्रम तेच लावतात. काउंटरवर गर्दी असली आणि सगळे ग्लास एकदम समोर आले, तर तुम्ही लावून घ्या.

ग्लास दांड्याला धरा. पांढऱ्या कागदावर तिरपा करून रंग बघा. न हलवता एकदा वास घ्या, मग दोन-तीन गोल फेऱ्या देऊन पुन्हा. पहिल्या वासात दोष कळतात, दुसऱ्यात फळ. मग चमचाभर घोट तोंडात सगळीकडे फिरवून पाच-सात सेकंद ठेवा आणि थुंका किंवा गिळा. जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर आंबटपणा, हिरड्या आवळल्या तर टॅनिन, घशात ऊब आली तर अल्कोहोल. एवढ्या तीन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या की पहिल्या दिवसाचं काम झालं.

वासासाठी आपल्याच बाजारातले शब्द वापरा. सोविन्यॉं ब्लां: कैरी, सिमला मिरची, कापलेलं गवत. शेनिन: पेरू, नासपती, मध. व्हिओन्ये: जर्दाळू. शिराझ: जांभूळ, काळी मिरी. कॅबर्ने: काळी फळं, सिमला मिरची, पिंपात ठेवली असेल तर देवदाराची पेटी. यादीतला वास आला नाही तर आपलं चुकलं असं समजू नका. काय आलं ते लिहा.

दोन नमुन्यांच्या मध्ये पाणी आणि साधा पाव. काजू-चीज मध्ये खाऊ नका. चीजमधल्या चरबीने टॅनिन मऊ लागतं आणि सामान्य रेडसुद्धा छान वाटून पेटीभर विकत घेतली जाते.

मानपाडा
शेफताई, नमुना खराब निघाला तर सांगायचं कसं? काउंटरवरच्या मुलाला वाईट वाटेल.

वसंतविहार_शेफ
सांगायचंच. आधी विचारायचं, "ही बाटली कधी उघडली?" काल संध्याकाळी उघडलेली पांढरी आज दुपारी मरगळलेली असते, सफरचंदाची फोड कापून ठेवल्यासारखा वास येतो. ताजी उघडून मागा, बहुतेक जण देतात.

ओल्या पुठ्ठ्याचा, बंद कोठीचा वास आला तर बुचाचा दोष. तो हलवून जात नाही, वाढतो. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा वास म्हणजे जिवाणूंनी अ‍ॅसेटिक आम्ल केलंय. उकडलेल्या अंड्याचा किंवा काडेपेटीचा वास गंधकाचा. तो ग्लास फिरवून पाच मिनिटांत उडाला तर वाइन ठीक आहे. शिजवलेल्या मनुकांचा, जॅमचा वास पांढऱ्या वाइनला आला तर ती कुठेतरी तापली आहे.

तापमानही बघा. स्पार्कलिंग ६ ते ८ अंश, पांढरी ८ ते १०, रेड १६ ते १८. फेब्रुवारीच्या दुपारी उघड्या गच्चीवर रेड वाइन २८ अंशाला पोचते आणि नुसतं अल्कोहोल नाकात जातं. तिलाही दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगा, संकोच नको.

दिघा_दिंडोरी
फेरफटक्यात काय विचारावं तेही लिहून ठेवतो, नाहीतर टाक्यांसमोर फोटो काढून लोक बाहेर पडतात.

तोडणी पहाटे किंवा रात्री करतात. दुपारी तोडलेलं द्राक्ष गरम असतं, क्रेटमध्येच आंबायला लागतं आणि पांढऱ्या वाइनचा वास तिथेच जातो. "आज माल किती वाजता आला आणि किती ब्रिक्सला तोडला?" हे विचारा. ब्रिक्स म्हणजे रसातली साखर. वाइनला साधारण २२ ते २४ लागते. आपल्याकडच्या उन्हात साखर लवकर चढते आणि आम्ल लवकर पडतं, म्हणून तोडणीचा दिवस ठरवणं हे इथलं सगळ्यात अवघड काम. चार दिवस उशीर झाला तर वाइन जड आणि बेचव होते, आणि अवकाळी पावसाचं सावट असेल तर अर्धवट पिकलेला माल काढावा लागतो. वाइनमेकरचं कसब मला तरी पिंपांपेक्षा या निर्णयात जास्त दिसतं.

पांढरीसाठी देठ काढून द्राक्ष लगेच न्यूमॅटिक प्रेसमध्ये जातं, फुग्यासारखा पडदा हळूहळू दाबत रस काढतो. साल बाजूला, रस एकटा १२ ते १६ अंशाला आंबतो. रेडमध्ये साल रसातच राहते, २४ ते २८ अंशाला आंबते, आणि वर तरंगणारा सालीचा थर ओला राहावा म्हणून खालून रस काढून वर ओततात. तो थर कोरडा पडला तर व्हिनेगरचा धोका. टाकीभोवती दुहेरी कवच दिसेल, त्यातून गार द्रव फिरतो. एका बाटलीला सव्वा किलोच्या आसपास द्राक्ष जातं.

पिंपं बहुधा २२५ लिटरची, फ्रेंच किंवा अमेरिकन ओकची. सगळी वाइन पिंपात जात नाही. कोणती गेली, किती महिने, नवं पिंप की जुनं, हे विचारलं की किमतीतला फरक कळतो.

एक सावधगिरी: क्रशिंगच्या दिवसांत उघड्या टाकीवर वाकून वास घ्यायला जाऊ नका. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, टाकीच्या तोंडाशी साचतो. एका श्वासात भोवळ येते.

ऐरोली_ज्ञान
थोडा मागचा संदर्भ. नाशिकला एवढ्या वाइनरी उभ्या राहिल्या त्यामागे राज्याचं २००१चं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आहे. उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, विंचूर आणि सांगलीतल्या पलूसला वाइन पार्क आखले गेले. विंचूर, निफाडकडच्या वाइनरी नाशिकच्याही पुढे आहेत, ठाण्याहून एका दिवसात त्यांचा विचार करू नका. अकलूजकडची फ्रातेल्ली तर मुक्कामाचीच सहल. आणि "नाशिक व्हॅली वाइन"ला भौगोलिक मानांकन आहे.

कायद्याचं: टेस्टिंगला वय २१ पूर्ण हवं, सगळ्यांनी ओळखपत्र ठेवा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या काळात ड्राय डे असतो. तारीख ठरवताना जिल्ह्यातल्या निवडणुकाही बघा, फेब्रुवारीत स्थानिक निवडणुका लागल्या तर सहल वाया जाते. खरेदीचं बिल घरी पोचेपर्यंत जपा.

पाचपाखाडी
जो पीत नाही त्याचा दिवस कंटाळवाणा जाईल का?

ऐरोली_ज्ञान
बाग आणि कारखाना बघण्यातला त्याचा वाटा तेवढाच आहे. फेरफटका टेस्टिंगशिवाय मिळतो का ते बुकिंगच्या वेळीच विचारा, पूर्ण पैसे भरू नका. टेस्टिंगच्या वेळी त्याला जेवणाच्या टेबलावर बसवा आणि बाकीच्यांनी तिथेच यावं. आणि "एक घोट तर घे" हा आग्रह निघायच्या आधीच बंद करा.

नेरूळ_सेक्टर६
बाटल्यांचं राहिलं. खरेदी दुसऱ्या वाइनरीत, शेवटी. पहिल्या ठिकाणची आवडली असेल तर तीही गाडीच्या डिकीत टाकू नका. उन्हात उभ्या गाडीची डिकी ५० अंशांवर जाते. वाइन फुगते, बूच वर सरकतं, कडेने पाझरते, आणि आत हवा गेली की खेळ संपला. थर्मोकोलची पेटी न्या, तळाशी जेलच्या दोन गार पिशव्या, वर वर्तमानपत्र, मग बाटल्या. पेटी पुढच्या सीटमागे, एसीच्या झोतात. जेवायला थांबाल तेव्हा गाडी सावलीत.

घेताना लेबलवर द्राक्षाच्या तोडणीचं वर्ष बघा. नाशिकच्या बहुतेक पांढऱ्या आणि रोझे ताज्याच चांगल्या, एक-दोन वर्षांच्या आतल्या. वाइनरीत किंमत ठाण्यातल्या दुकानापेक्षा खूप कमी असेल ही अपेक्षा ठेवू नका. तिथे घेण्यासारख्या असतात त्या दुकानात न येणाऱ्या छोट्या बॅचच्या. शेनिन किंवा सोविन्यॉं घोडबंदरलाही मिळते, ती वाहून आणू नका.

कोलशेत
आणि घरी? आमच्याकडे वाइन कपाट नाही.

वसंतविहार_शेफ
माळा आणि फ्रिजच्या वरची जागा या दोन सगळ्यात वाईट. पांढरी सरळ फ्रिजमध्ये. रेड कपाटाच्या खालच्या कप्प्यात, आतल्या भिंतीकडे, मे महिन्याच्या आत संपवायची. बूच असेल तर आडवी, स्क्रूकॅप असेल तर उभी चालते. ठाण्यातल्या खोलीचं तापमान रेडला जास्तच आहे, उघडण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये. उघडलेली पांढरी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, रेड तीन-चार, स्पार्कलिंग खास झाकणासह दुसऱ्या दिवसापर्यंत.

जेवणाशी: साबुदाणा वड्याबरोबर स्पार्कलिंग फार सुरेख लागते, बुडबुडे आणि आंबटपणा तेल कापतात. कोळंबीच्या तिखट कालवणाला किंचित गोड शेनिन, कारण गोडी तिखट सावरते. सुक्या मटणाला शिराझ, पण मसाला बेताचा.

मानपाडा
शेवटचा प्रश्न. फ्रिजमध्ये ठेवलेल्या पांढऱ्या वाइनच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे कण आलेत. फेकून द्यावी का?

दिघा_दिंडोरी
काच नाही. द्राक्षातल्या टार्टरिक आम्लाचे स्फटिक आहेत ते, गारव्यात खाली बसतात. काच बोटांत चुरडत नाही, हे चुरडतात आणि गरम पाण्यात विरघळतात. बहुतेक वाइनरी बाटलीत भरण्याआधी वाइन टाकीतच खूप गार करून ते पाडून टाकतात, छोट्या बॅचमध्ये कधी राहून जातात. बाटली तासभर उभी ठेवा, हलवू नका, आणि शेवटचा दोन बोटं भाग सोडून ओता.